गिऱ्हाईक की ग्राहक? रिटेल आणि ग्राहकशास्त्राच्या पदवीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडून ठेवाव्या लागतात. एकीवर विद्यार्थी, दुसरीवर आई नाहीतर वडील. आधी नऊ वर्षं मी दुकानांच्या फ्लोअरवर काम केलं, आता पदवीच्या वर्गाला शिकवते. माहेरी किराणा दुकान, त्यामुळे खुर्चीवरच्या वडिलांची बाजूही मला कळते. प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने उत्तरं दिली आहेत. म्हणूनच सगळ्यांत अवघड प्रश्न दुसऱ्याच क्रमांकावर आहे.

हा विषय नेमका आहे तरी काय?

माल कारखान्यातून किंवा शेतातून निघाला की शेवटी कुणाच्या तरी पिशवीत पडतो. त्या शेवटच्या टप्प्याचा अभ्यास म्हणजे रिटेल. दुकान कुठं थाटायचं, काय ठेवायचं, किती ठेवायचं, कोणत्या रॅकवर आणि कोणत्या भावाला, हे सगळं त्यात आलं. पिशवी ज्याच्या हातात आहे तो माणूस काय बघून घेतो, घरातल्या पैशांची वाटणी कशी करतो, कुठं फसतो आणि फसल्यावर त्याला कोणते हक्क आहेत, हा अभ्यास म्हणजे ग्राहकशास्त्र.

मराठीत या माणसाला दोन शब्द आहेत. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक, कायदा म्हणतो ग्राहक. शब्द मुळात एकच, पण ‘एखाद्याचं गिऱ्हाईक करणं’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. कायद्याने या दोन शब्दांत एक रेषही ओढली आहे. पुढे विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे गल्लीतला वाणी हा ठोक व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक असतो, पण ग्राहक नसतो. पहिल्या सत्रात मी हे सांगते तेव्हा ज्यांच्या घरी दुकान आहे ती मुलं एकदम ताठ बसतात.

बरीच कॉलेजं गिऱ्हाइकापाशीच थांबतात. ग्राहकापर्यंत जाणारं कॉलेज मिळालं तर ही पदवी घेण्यात अर्थ आहे, असं माझं मत. पुढची बहुतेक उत्तरं या एका मतावर उभी आहेत.

दुकानात उभं राहायला पदवी कशाला? आमच्या शेजारचा मुलगा दहावी नापास आहे आणि मॉलमध्ये कामाला आहे.

हा प्रश्न वडील विचारतात आणि मुलगा खाली बघतो. खरं उत्तर असं की उभं राहायला पदवी लागत नाही. पण तिथं कुणाला उभं करायचं, त्याच्या पाठीमागच्या रॅकवर काय ठेवायचं आणि तो माल सहा आठवडे हलला नाही तर काय करायचं, हे ठरवणारा कुणीतरी असतो. पदवी त्या खुर्चीसाठी आहे. अर्थात त्या खुर्चीकडे जाणारी वाट फ्लोअरवरूनच जाते. तुमचा मुलगा पहिली एक-दोन वर्षं शेजारच्या मुलासोबतच उभा असेल. हे आत्ताच मान्य असेल तर पुढे बोलू.

एक उदाहरण देते. राधाकिशन दमाणी शेअर बाजारातले मुरलेले गुंतवणूकदार. त्यांचं डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला उघडलं, पण त्याआधी त्यांनी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली होती. अपना बाजार म्हणजे १९४८ मध्ये नायगावात कामगारांसाठी सुरू झालेलं सहकारी ग्राहक भांडार. पैशांची कमी नसलेल्या माणसालाही आधी एक दुकान हाताखालून घालावंसं वाटलं, आणि तेही ग्राहकांच्या सहकारी संस्थेचं. डीमार्टबद्दल लोक ‘स्वस्त’ एवढंच बोलतात. आतलं गणित वेगळं आहे. शक्यतो जागा भाड्याने न घेता विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घ्यायचा, मोजकाच पण झपाट्याने हलणारा माल ठेवायचा. वर्गात हे समजायला तासभर पुरतो. फ्लोअरवर असताना मला कळायला चार वर्षं लागली होती, कारण तिथं कुणी सांगत नाही आणि विचारायला कुणाला वेळ नसतो.

महाराष्ट्रात ‘रिटेल आणि ग्राहकशास्त्र’ अशी पदवी कुठं मिळते?

या जोडनावाची पदवी शोधत बसू नका. आपल्याकडे हा विषय दोन वेगवेगळ्या घरांत वाढला आणि दोन्ही घरांचं एकमेकांकडे फारसं जाणं-येणं नाही.

पहिलं घर गृहविज्ञानाचं. ग्राहकाचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथं होतो, पण ‘गृह’ हा शब्द ऐकला की लोकांना स्वयंपाक आणि भरतकाम आठवतं आणि ते तोंड फिरवतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. गृहविज्ञानाचंच हे नवं नाव, पदवी बी.एस्सी. ऑनर्स, चार वर्षांची. तिथं ‘संसाधन व्यवस्थापन आणि ग्राहक विज्ञान’ असा विभागच आहे. मुंबईत जुहूला एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे. कौटुंबिक अंदाजपत्रक, वस्तूंची तपासणी, कापडाचा दर्जा, ग्राहक हक्क हे सगळं इथं मन लावून शिकवतात. नफ्याचं गणित मात्र कमी.

दुसरं घर व्यवस्थापनाचं. बीबीए, बीएमएस, बी.कॉम. या पदव्यांमध्ये रिटेल हा विशेष विषय किंवा दोन-तीन पेपर असतात. काही कॉलेजांत रिटेल मॅनेजमेंटचा बी.व्होक. आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्याप्रमाणे बी.व्होक.मध्ये ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सर्वसाधारण शिक्षणाचा. एका वर्षाने बाहेर पडलात तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा रिटेलिंगमधला बीबीए आहे. चालू सत्राला प्रवेश खुला आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. कपड्यांच्या दुकानांकडे आणि मांडणीकडे ओढा असेल तर खारघरच्या निफ्ट या फॅशन संस्थेतला फॅशन कम्युनिकेशनचा बी.डेस. बघा, मात्र त्याची प्रवेश परीक्षा आणि फी दोन्ही वेगळ्या पातळीवरचं आहे.

मला विचाराल तर ज्या घरात जाल त्याच्या शेजारच्या घरातले दोन-तीन विषय उचला. नव्या शैक्षणिक धोरणात ‘मायनर’ आणि ‘ओपन इलेक्टिव्ह’ची सोय आहे. मुलं ती सोपे गुण मिळवायला वापरतात. गृहविज्ञानवालीने लेखाशास्त्र घ्यावं, बीबीएवाल्याने मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र.

सीईटी द्यावी लागते का?

बीबीए आणि बीएमएससाठी होय. २०२४-२५ पासून या पदव्या एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आल्या आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांची वेगळी परीक्षा सुरू केली. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि संगणकाचं जुजबी ज्ञान विचारतात. पहिल्याच वर्षी जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की ऑगस्टमध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी यातून पळवाट काढली. त्यांनी बीएमएसचं नाव बदलून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ केलं. त्याला ही सीईटी लागत नाही. तेव्हा पदवीचं नाव बघून नाक मुरडू नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून आत काय आहे ते बघा.

कॉमर्सच हवं का?

नाही. माझ्या वर्गातली सगळ्यांत चांगली मर्चंडायझर, म्हणजे दुकानात कोणता माल किती ठेवायचा ते ठरवणारी, बारावीला कला शाखेत होती.

गणित किती लागतं?

आठवीचं. पण ते झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

८० रुपयांना आणलेली वस्तू १०० ला विकली. नफा किती टक्के? अर्धा वर्ग २५ म्हणतो, अर्धा २०. दोघंही बरोबर. खरेदीवर मोजला तर २५ टक्के, त्याला मार्कअप म्हणतात. विक्रीवर मोजला तर २० टक्के, त्याला मार्जिन म्हणतात. पुरवठादार एका भाषेत बोलतो आणि कंपनी दुसऱ्या, आणि नवखा खरेदीदार या दोहोंच्या मध्ये चेंगरतो.

आता याच वस्तूवर ‘फक्त १० टक्के सूट’ लावा. विक्री ९० ला, नफा २० वरून १० वर. म्हणजे पूर्वीइतके पैसे गल्ल्यात यायला दुप्पट नग खपायला हवेत. सेलची पाटी बघताना गिऱ्हाईक १० टक्के वाचतो, दुकानदाराने निम्मा नफा गेला असं वाचायचं असतं.

पुढचं थोडं अवघड. दुकानात तूरडाळ आहे, मार्जिन ८ टक्के. शेजारी नॉनस्टिकची भांडी आहेत, मार्जिन ३५ टक्के. जास्त पैसे कोण मिळवून देतं? वर्ग एका सुरात भांडी म्हणतो. मग मी सांगते की दोन्हींमध्ये सरासरी एक-एक लाखाचा माल अडकला आहे, डाळीचा साठा वर्षाला ३० वेळा फिरतो, भांड्यांचा दोनदा. डाळीत वर्षाला खरेदीच्या भावाने ३० लाखांचा माल खपला, विक्रीवर ८ टक्के मार्जिनने साधारण २ लाख ६० हजार मिळाले. भांड्यांत तशाच मोजणीने २ लाखांचा माल खपला आणि विक्रीवरच्या ३५ टक्क्यांनी साधारण १ लाख ८ हजार. अडकलेल्या एका रुपयामागे किती रुपये मिळाले, या हिशेबाला जीएमआरओआय असं एक भारदस्त इंग्रजी आद्याक्षरी नाव आहे, ते परीक्षेपुरतं पाठ करा. माझे वडील त्याला ‘पैसा बसला की पैसा पळतोय’ म्हणायचे.

याशिवाय श्रिंकेज, म्हणजे चोरी, तूटफूट, तारीख गेलेला माल आणि बिलिंगच्या चुका मिळून होणारी गळती. निव्वळ नफा ३ टक्के असलेल्या किराणा दुकानात विक्रीच्या १ टक्का गळती असेल आणि ती थांबवता आली, तर ३ चे ४ होतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, मालकाला मात्र वाटत नाही.

एक्सेल शिका. त्यातलं पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक नोंदींचा गटवार गोषवारा काढणं, येत नसेल तर इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात तुम्हाला पेट्या उचलायला पाठवतील.

ग्राहकशास्त्राच्या पेपरात काय असतं? ग्राहक दिनाची भाषणं?

२४ डिसेंबरला हॉलमध्ये बसवून देतात ती भाषणं वेगळी. विषय त्याहून बराच रंगतदार आहे.

सुरुवात एका जुन्या निरीक्षणापासून होते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवलं की कुटुंबाचं उत्पन्न वाढलं की खाण्यावरच्या खर्चाचा वाटा कमी होतो. मग आपण आपल्याच देशाचे आकडे काढतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्च पाहणीत माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. त्यात खाण्याचा वाटा गावात ४७ टक्के, शहरात ४० टक्क्यांच्या आसपास. एंगेल बरोबर. पण त्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कशाचा असेल? धान्य नाही, दूध नाही. पेयं, बाहेरचा नाश्ता आणि तयार पाकिटं, आणि हे गाव आणि शहर दोन्हीकडे खरं आहे. गल्लीतल्या दुकानात दारातच लटकणाऱ्या पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा आठवा. दुकानदाराने ती जागा उगाच नाही दिलेली.

मग दुकानाची मांडणी. काउंटरपलीकडून वाणी माल काढून द्यायचा तेव्हा निवड त्याच्या तोंडून व्हायची. अमेरिकेतल्या मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढून गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली, आणि तेव्हापासून पाकिटच विक्रेता झालं. आपल्याकडे हा बदल माझ्या पिढीने डोळ्यांसमोर घडताना पाहिला. आई यादी देऊन परत यायची, मी ट्रॉली ढकलते. यादीबाहेरचं किती येतं ते वेगळं सांगायला नको.

कायद्याचा भाग रुक्ष वाटतो, पण हाच पेपर मुलं घरी जाऊन वापरतात. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, त्याच्या जागी २०१९ चा नवा आला आणि तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, हे आजही काही दुकानदारांना सांगावं लागतं. पाण्याच्या बाटलीवर वेगळा जीएसटी लावलेलं बिल आणा असा मी गृहपाठ देते. कुणीतरी आणतंच.

ग्राहक चळवळीत महाराष्ट्राचं नाव मोठं आहे आणि पुस्तकात त्याला जेमतेम परिच्छेद असतो. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची एकत्र खरेदीची पद्धत वर्गात उलगडून दाखवण्यासारखी आहे. शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ, महिन्याची यादी एकत्र, माल येऊन पडला की वाटप आपलं आपण करायचं. दुकान नाही, गल्ला नाही, शोकेस नाही. रिटेल शिकणाऱ्याने हे बघायलाच हवं, कारण दुकानदार मधून काढला तर त्याची कोणकोणती कामं कुणाला तरी करावी लागतात, ते इथं दिसतं. निवडणं, वजन करणं, साठवणं, हिशेब ठेवणं, ‘यंदा चवळी बरी नव्हती’ हे ऐकून घेणं.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. पुस्तकं इंग्रजी, सादरीकरण इंग्रजी, फ्लोअरवर मात्र मराठी आणि हिंदी, आणि कोल्हापूर-सांगलीकडे थोडी कन्नड कामाला येते. दोन वर्षांत ई-मेल लिहिता आली पाहिजे. त्याहून जास्त इंग्रजीची भीती बाळगू नका.

इंटर्नशिपला खरंच काम देतात की झेंडू लावून घेतात?

दसऱ्याला झेंडूही लावाल. त्याला काही इलाज नाही.

बाकी हे कॉलेज आणि दुकान दोघांवर अवलंबून आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला एका मोठ्या दुकानात दोन महिने निव्वळ पार्किंगच्या पावत्या फाडायला बसवलं आणि शेवटी प्रमाणपत्र दिलं. त्याच्या अहवालात मात्र कोणत्या वारी, कोणत्या तासाला किती गाड्या येतात आणि किती वेळ थांबतात, याचा तक्ता होता. तो त्याने पावत्यांच्या वेळांवरून बनवला होता. पुढची नोकरी त्याला त्या तक्त्यामुळेच मिळाली. म्हणून पार्किंगला बसवणं बरोबर ठरत नाही. कॉलेजने त्या दुकानाकडे नंतर मुलं पाठवली नाहीत.

चांगली इंटर्नशिप मागच्या दाराने सुरू होते. माल उतरतो तिथं उभं राहा. चलन आणि प्रत्यक्ष नग जुळवा, तारखा वाचा, आधी संपणारी पेटी पुढे कशी लावतात ते बघा. मग मोजदाद करा. रात्री दुकान बंद झाल्यावर सगळा माल मोजताना जे कळतं ते दिवसा कळत नाही. कॉम्प्युटरवर २४ नग आणि शेल्फवर १९. बाकीचे ५ कुठं गेले? कधी चोरी, कधी चुकीच्या कोडवर बिल, कधी कुणीतरी चहाचं पाकीट शाम्पूच्या मागे सोडून गेलेलं. तो गिऱ्हाईक तिथं पोचेपर्यंत विचार बदलला, एवढंच. मला अशी सोडून दिलेली पाकिटं फार आवडतात. बिलावर फक्त घेतलेलं दिसतं. न घेतलेलं असं मधेच कुठंतरी पडलेलं सापडतं.

योगायोग साधला तर सप्टेंबर २०२५ सारखा महिना मिळतो. २२ तारखेला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. एका रात्रीत हजारो वस्तूंचे दर सिस्टिममध्ये बदलायचे, शेल्फवर जुन्या एमआरपीचा माल तसाच, आणि सकाळी दारात गिऱ्हाईक मोबाइलवर बातमी उघडून उभं. तेव्हा इंटर्न असलेली मुलं एका आठवड्यात जे शिकली ते मी एका सत्रात शिकवू शकले नसते.

सणासुदीला सुट्टी असते का? मुलीच्या रात्रपाळीचं काय?

दिवाळीत सुट्टी नसते. शनिवार-रविवारही नसतो. आठवड्याची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी येते, आणि मैत्रिणींच्या लग्नांना तुम्ही जेवणाच्या शेवटच्या पंगतीला पोचता.

मुलींबाबत महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की रात्री साडेनऊनंतर काम तिच्या संमतीनेच, आणि सुरक्षेची व घरी सोडण्याची सोय मालकाने करायची. मुलाखतीत हे विचारायला लाजू नका. दिवसभर उभं राहण्याबद्दल बोलायचं तर केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानेच बंधनकारक केलं. ही मागणी तिथल्या साडी आणि कापड दुकानांतल्या बायकांनी लावून धरली होती. तुम्ही उद्या मॅनेजर झालात तर कायद्याची वाट न बघता स्टूल ठेवा.

पगार किती?

पहिला पगार बघून वडील नाराज होतात, हे गृहीत धरा. आकड्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: हातात किती येणार, इन्सेंटिव्ह कशावर मोजणार, आणि फ्लोअरवरून खरेदी किंवा प्लॅनिंगच्या विभागात जायची वाट किती महिन्यांनी खुली होते. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर पहिला आकडा कितीही छान असला तरी विचार करा.

सगळं दहा मिनिटांत घरी येतंय. दुकानंच राहिली नाहीत तर?

दहा मिनिटांत येतं ते दुकानातूनच येतं. फक्त त्या दुकानाला पाटी नसते आणि आत गिऱ्हाईक नसतं. डार्क स्टोअरमध्ये कोणता माल दाराजवळ ठेवायचा, कोथिंबीर किती मागवायची आणि संध्याकाळी उरली तर काय करायचं, हे मंडईतल्या मावशींचेच प्रश्न आहेत. फरक इतकाच की मावशी साडेसातला भाव पाडून मोकळ्या होतात.

ग्राहकशास्त्राला मात्र इथं नवं रान मिळालं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’बद्दल, म्हणजे ॲप आणि संकेतस्थळांवर गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा १३ युक्त्या नोंदवल्या आहेत. ‘फक्त २ नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं, टोपलीत न विचारता काहीतरी सरकवणं, पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर एकेक आकार उघडा करणं, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण दाबायला लावून ओशाळवणं. मी वर्गात सगळ्यांना मोबाइल काढायला सांगते आणि अर्ध्या तासात यातल्या किती सापडतात ते फळ्यावर मांडते. मग दुसरा प्रश्न विचारते: उद्या याच कंपनीत तुम्ही कामाला आहात आणि वरिष्ठ म्हणाले ‘हे बटण जरा फिकट कर’, तर? या प्रश्नावर वर्ग गप्प होतो. नेमकं उत्तर माझ्याकडेही नसतं, पण प्रश्न वर्गात एकदा ऐकलेला असावा एवढीच इच्छा.

आमचंच दुकान आहे. मुलाने हे शिकावं की सरळ गल्ल्यावर बसावं?

शिकावं, पण सुट्टीत गल्ल्यावर बसून. अशा मुलांची एक गंमत होते. पहिल्या वर्षी ती घरी जाऊन वडिलांना ‘तुमचं लेआउट चुकलंय’ सांगतात आणि बोलणी खातात. दुसऱ्या वर्षी वडील जे नुसत्या अंदाजाने करतात त्याला पुस्तकात नाव आहे, हे त्यांच्या लक्षात येतं. उधारीची वही म्हणजे कोणत्या घरात पगार कधी होतो, कोण गणपतीला जास्त घेतं, कुणाचं दुकान बदललं, याची सगळी नोंद. मोठ्या कंपन्या लॉयल्टी कार्ड देऊन हीच माहिती गोळा करतात.

तिसऱ्या वर्षीचा प्रकल्प मी अशा मुलांना घरच्याच दुकानाचा देते. सगळा माल तीन गटांत वाटा: ज्यावर बहुतेक विक्री उभी आहे तो, मधला, आणि नुसता जागा अडवणारा. तिसरा गट बघून वडील हमखास एकच वाक्य बोलतात, ‘अरे, ते ठेवावं लागतं.’ यातलं किती खरंच ठेवावं लागतं आणि किती सवयीने ठेवलं आहे, हे शोधणं हाच प्रकल्प. एका मुलीने दाखवलं की घरच्या दुकानातली पूजेच्या सामानाची बरणी वर्षभर जवळजवळ काहीच कमवत नाही, पण कापूर-वाती घ्यायला आलेली बाई दर वेळी आणखी दोन-तीन वस्तू घेऊन जाते. बरणी जागेवर राहिली. वडिलांनी तो अहवाल लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावला आहे.

परदेशात पुढे शिकता येतं का?

येतं. अमेरिकेत ‘रिटेलिंग अँड कन्झ्युमर सायन्स’ अशा जोडनावाची पदवीच काही विद्यापीठांत आहे, टूसानचं युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोना त्यातलं एक. तिथंही हा विषय गृहविज्ञानाच्याच खोडातून फुटला आहे. आपल्याकडे फांद्या वेगळ्या झाल्या, तिथं काही ठिकाणी एकत्र राहिल्या. माझा सल्ला, आधी इथं दोन वर्षं नोकरी करा. भारतातल्या किराण्याचा अनुभव तिथल्या वर्गात मोलाचा ठरतो.

कॉलेज बघायला गेल्यावर काय विचारायचं?

शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी दुकानात काम केलं आहे. इंटर्नशिप किती आठवड्यांची, आणि मागच्या वर्षीचे दोन अहवाल बघायला मिळतील का. ग्राहक कायदा स्वतंत्र पेपर आहे की मार्केटिंगच्या शेवटच्या प्रकरणात कोंबला आहे. संख्याशास्त्र कोण शिकवतं. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पाटी दिसली तर त्यातले किती जण वर्षभराने त्याच नोकरीत होते ते विचारा. पाटीचा फोटो काढू नका, उत्तराची नोंद करा.

प्रवेशाला अजून महिना आहे. तोवर काय करू?

एक वही घ्या. एकाच वस्तूचा, समजा एक किलो पोह्यांचा, भाव पाच ठिकाणी लिहून आणा: गल्लीतलं दुकान, मंडई, सुपरमार्केट, ॲप, आणि जवळ असेल तर ठोक बाजार. भावाशेजारी पाकिटावरची तारीख, वजन, आणि ते पोहे रॅकच्या कितव्या कप्प्यावर होते तेही लिहा. मग आईला विचारा की ती पोहे कुठून घेते आणि का. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत उतरवून घ्या, सुधारू नका. पहिल्या दिवशी वही घेऊन या.